अथेन्स १८९६: पहिली ऑलिम्पिक सेबर स्पर्धा आणि रद्द ठरलेल्या लढती

सेबर हा तलवारबाजीचा, पात्याच्या धारेने वार करण्याचा प्रकार. त्याची ऑलिम्पिकमधली पहिली स्पर्धा ९ एप्रिल १८९६ रोजी अथेन्सच्या झापिओन वास्तूत झाली. ग्रीसमध्ये तेव्हा ज्युलियन दिनदर्शिका चालत असे, म्हणून तिथल्या कागदांत हीच तारीख २८ मार्च अशी दिसते. तलवारबाजीच्या इतर दोन प्रकारांपैकी फॉईलची स्पर्धा दोन दिवस आधीच उरकली होती. दुसऱ्या, इपीच्या स्पर्धेचा बेत होता, पण ती झालीच नाही.

सेबरमध्ये उतरले पाच जण: ग्रीसचे तीन, ऑस्ट्रियाचा एक आणि डेन्मार्कचा एक. फॉईलसाठी आलेल्या फ्रेंचांपैकी कोणी सेबर हाती घेतले नाही. इटली आणि हंगेरी या सेबरच्या खऱ्या घरांतूनही कोणी नव्हते. स्पर्धा साखळी पद्धतीची. प्रत्येकाच्या वाट्याला चार लढती, एकूण दहा, आणि आधी तीन टच, म्हणजे ग्राह्य धरलेले वार, करणारा विजयी.

वाद आहे तो पुढच्या निर्णयाचा. काही लढती होऊन गेल्यावर राजघराण्यातली मंडळी सभागृहात आली आणि तोवर झालेले सगळे रद्द करून स्पर्धा पहिल्यापासून सुरू करण्यात आली. ऑस्ट्रियाच्या खेळाडूने तोपर्यंत आपल्या दोन्ही लढती जिंकल्या होत्या. चार लढतींच्या साखळीत दोन म्हणजे निम्मे काम झालेले होते. नव्याने सुरू झालेल्या साखळीत त्याला एकच विजय मिळाला आणि तो चौथा आला. ग्रीक विजेत्याने चारही लढती जिंकल्या, दुसऱ्या ग्रीक खेळाडूने तीन, डेन्मार्कच्या खेळाडूने दोन. तिसरा ग्रीक चारही हरला.

सगळ्यांच्याच लढती पुन्हा झाल्या, मग अन्याय कुठला, असे या निर्णयाच्या बाजूने म्हणता येते. शिवाय आयोजन समितीचे अध्यक्षपद खुद्द युवराजांकडे होते, त्यामुळे पाहुण्यांसाठी थांबणे त्या काळच्या रीतीला धरूनच होते. पण थांबणे वेगळे आणि पुसून टाकणे वेगळे. आधी हरलेल्याला दुसरी संधी मिळते, जिंकलेल्याला फक्त जोखीम. तीन टचच्या लढतीत तर ही जोखीम मोठी, कारण पंचांच्या नजरेतून निसटलेला एक टच म्हणजे लढतीचा तिसरा हिस्सा.

त्यातही सेबर हे हुलीचे हत्यार. डोक्यावर वार येतोय असे भासवले की समोरचा पाचव्या बचावासाठी, म्हणजे डोके झाकण्यासाठी, हात वर नेतो, पाते आडवे होते आणि कुशीची बाजू उघडी पडते. तिथे कापले की टच. हीच चाल त्याच माणसावर तासाभरात पुन्हा टाकली, तर तो हात वर नेत नाही. कुशीची बाजू झाकणाऱ्या तिसऱ्या बचावात थांबतो, वार अडवतो आणि सरळ गालावर उलटा वार काढतो. छोट्या लढतीत अशा एखाददुसऱ्या चालीवरच सगळा खेळ असतो, आणि ती एकदा दाखवून झाली की तिची किंमत उतरते. त्यामुळे फेरलढत ही नवी, कोरी लढत नसते. आमच्या मते हा निर्णय चुकीचाच होता.

त्या दिवशी मात्र नुकसान आज वाटते तेवढे नव्हते. १८९६ मध्ये पहिल्याला रौप्यपदक व ऑलिव्हची फांदी, दुसऱ्याला तांब्याचे पदक व लॉरेलची फांदी मिळाली. तिसऱ्याला पदक नव्हते. सुवर्ण, रौप्य, कांस्य ही मांडणी नंतर मागे नेऊन लावली गेली आणि तेव्हा दोन विजयांवरचे तिसरे स्थान कांस्यपदकाचे ठरले. ऑस्ट्रियाच्या खेळाडूचे पुसलेले विजयही दोनच होते. ते राहिले असते, तर निदान या जागेवर त्याचा दावा तरी झाला असता. याच खेळाडूने चार दिवसांनी बारा तासांची सायकल शर्यत जिंकली, सुमारे ३१५ किलोमीटर अंतर कापून. शेवटपर्यंत टिकलेले दोघेच होते.

१९०० मध्ये पॅरिसला हौशी खेळाडू आणि व्यावसायिक उस्ताद यांच्या सेबर स्पर्धा वेगवेगळ्या झाल्या. १९०६ मध्ये अथेन्सलाच दहा वर्षांपूर्वीचा तोच ग्रीक विजेता पुन्हा पहिला आला. सेबरचे केंद्र मात्र बुडापेस्टकडे सरकत होते. १८९६ सालीच एक इटालियन उस्ताद तिथे जाऊन स्थायिक झाला होता. मिलानच्या घोडदळी परंपरेत वार कोपरातून फिरवला जाई. हंगेरीत तोच वार मनगट आणि बोटांवर आला, हत्यार हलके झाले, वाराची फेक आखूड झाली. १९०८ ते १९६४ या काळात ऑलिम्पिकमधले वैयक्तिक सेबरचे प्रत्येक सुवर्ण हंगेरीकडे गेले. अपवाद १९२० चा, त्या वर्षी पहिल्या महायुद्धातले पराभूत राष्ट्र म्हणून हंगेरीला बोलावलेच नव्हते.

तलवारबाजीचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९१३ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी सामाईक नियम ठरले. १९२२ मध्ये ओस्टेंडला सेबरची वेगळी युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९३७ पासून स्पर्धेला जागतिक म्हणू लागले आणि आधीच्या विजेत्यांनाही तोच दर्जा मिळाला.

टच कोण पाहणार, हा प्रश्न त्याहून जास्त काळ रेंगाळला. मुख्य पंच आणि चार सहायक अशी रचना रूढ झाली. सहायकाला एक मत, मुख्य पंचाला दीड. ऑलिम्पिकमध्ये विजेवर चालणारे सेबर १९९२ साली बार्सिलोनाला आले. त्याआधी पात्याचा चपटा भाग नुसता आपटला तर टच धरत नसत. यंत्राला धार आणि चपटा भाग वेगळे कळत नाहीत, म्हणून आता कोणत्याही बाजूचा स्पर्श चालतो. महिलांचे सेबर ऑलिम्पिकमध्ये यायला २००४ उजाडले, तेही अथेन्सलाच. भारताची ऑलिम्पिकमधली पहिली तलवारबाज याच प्रकारातली. टोकियोत तिने पहिली लढत १५-३ अशी जिंकली. यंत्रातला वेळही बदलत गेला: एकाचा टच लागल्यावर दुसऱ्याचा टच दाखवणारा दिवा पेटायला मिळणारी सवड आधी १२० मिलिसेकंदांवर आणली आणि २०१६ मध्ये १७० केली.