वाळूच्या कणात मोजलेली डोंगराची झीज

पाऊस वाढला की डोंगर लवकर झिजतो, हे इतकं उघड वाटतं की मोजून बघायचं कुणाच्या मनातही येऊ नये. श्रीलंकेच्या डोंगराळ भागात वर्षाला 2,000 ते 5,000 मिमी पाऊस पडतो. तरीही तिथल्या वरच्या महावेली खोऱ्याची नैसर्गिक झीज निघाली वर्षाला दर चौरस किलोमीटरमागे 13 ते 30 टन, म्हणजे हजार वर्षांत जेमतेम सेंटिमीटरभर. तिलक हेवावासम आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये हे आकडे मांडले. शेतीखालच्या उतारांवरून माती जात होती ती याच्या 10 ते 100 पट.

नैसर्गिक झिजेचा आकडा निघतो नदीतल्या वाळूतून. वैश्विक किरणांमुळे तयार झालेले न्यूट्रॉन क्वार्ट्झमधल्या (वाळूतलं सिलिकाचं कठीण खनिज) ऑक्सिजनवर आदळतात आणि बेरिलियम-10 हा बेरिलियमचा दुर्मीळ, किरणोत्सर्गी प्रकार तयार होतो. वेग अगदी कमी: समुद्रसपाटीला, उच्च अक्षांशावर, ग्रॅमभर क्वार्ट्झमध्ये वर्षाला साधारण 4 अणू. खडकात 60 सेंमी खाली गेलं की हा वेग जवळपास एक तृतीयांशावर येतो. त्यामुळे कण या वरच्या थरातून सावकाश वर आला तर त्यात अणू जास्त साठतात, भरभर आला तर कमी. निर्मिती वर्षाला 5 अणू आणि झीज 0.05 मिमी धरली, तर ग्रॅममागे सुमारे 60,000 अणू मिळतात. झिजेचा हा दर साधारण 12,000 वर्षांची सरासरी असतो. त्याची तुलना धरणावर दहा वर्षं मोजलेल्या गाळाशी करताना हा फरक विसरला, की निष्कर्ष कोलमडतो.

हे मोजणाऱ्या विद्यार्थ्याचे महिने जातात ते प्रयोगशाळेत. वाळू चाळून 0.25 ते 0.5 मिमीचे कण घ्यायचे, चुंबकाने लोहयुक्त खनिजं काढायची, मग सौम्य हायड्रोफ्लुओरिक आणि नायट्रिक आम्लात ध्वनिलहरींच्या टाकीत पुन्हा पुन्हा धुवायचं. पावसाबरोबर आलेलं बेरिलियम-10 कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेलं असतं. ते राहिलं तर अणू जास्त दिसतात आणि झीज खोटी कमी येते. ॲल्युमिनियमचं प्रमाण दशलक्षात 100-200 भागांच्या वर असेल तर फेल्डस्पार हे ॲल्युमिनियम असलेलं खनिज उरलंय असं समजून परत धुवायचं. इथे घाई करणाऱ्याला पुढचं सगळं दुसऱ्यांदा करावं लागतं. हायड्रोफ्लुओरिक आम्लाशी काम असल्यामुळे कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी हवंच.

40 ग्रॅम शुद्ध क्वार्ट्झमध्ये तुलनेसाठी मोजून पाव मिलिग्रॅम साधं बेरिलियम-9 मिसळून तो तीव्र आम्लात विरघळवतात. रेझिन भरलेल्या स्तंभांतून लोह, टायटॅनियम, ॲल्युमिनियम वेगळं करून अमोनियाने बेरिलियम खाली बसवतात, भाजून ऑक्साइड करतात आणि निओबियमच्या पुडीत मिसळून त्वरक वस्तुमान-वर्णपटमापकात (अणू वेगाने पळवून वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र, एएमएस) ठेवतात. आपल्याकडे दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये ही सोय आहे. वरच्या उदाहरणात 7 लाख कोटी बेरिलियम-9 अणूंमागे बेरिलियम-10 चा एकच अणू असतो. तेवढ्याच वस्तुमानाचं बोरॉन-10 शिल्लक राहिलं तर तो एक शोधणं अवघड. रसायनांतूनच किती अणू आले ते कळावं म्हणून प्रत्येक खेपेबरोबर क्वार्ट्झ न घातलेला एक कोरा नमुनाही चालवतात.

रसायन बरोबर जमूनही आकडा फसवू शकतो. नुकतीच मोठी दरड कोसळली असेल तर खोलवरचा, अणू कमी असलेला क्वार्ट्झ नदीत येतो आणि झीज भलतीच वाढलेली दिसते.

एरिक पोर्टेंगा व्हरमाँट विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थी असताना त्यांनी पॉल बीअरमन यांच्यासोबत जगभरातली अशी 1,599 मापनं एकत्र केली. 2011 च्या त्या लेखात पाणलोटांच्या झिजेचा सर्वांत ठळक संबंध दिसला तो उताराशी. जियॉलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेत भूरूपांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मॅकिन (पीएचडी) आणि हॉवर्ड (मास्टर्स) हे संशोधन-प्रस्तावांवर मिळणारे पुरस्कार आहेत. अशा प्रस्तावात पहिल्यांदा पाहावं ते हेच, की उतार आणि खडक सारखे ठेवून फक्त पाऊस बदलणारी खोरी निवडली आहेत का. नुसता पाऊस आणि झीज यांचा आलेख पुरेसा नाही.

सह्याद्रीत अडचण वेगळीच. बसाल्टच्या खनिजांत क्वार्ट्झ नसतो. पोकळ्यांत सापडणारी गारगोटी नंतर साचलेली आणि विखुरलेली, तिच्यावर सगळ्या पाणलोटाचा हिशेब मांडता येत नाही. तिथे वैश्विक किरणांमुळेच तयार होणारं क्लोरीन-36 किंवा ऑलिव्हिन, पायरॉक्सीन या बसाल्टमधल्या खनिजांतला हेलियम-3 वापरावा लागतो. दक्षिण कोकणात जिथे ग्रॅनाइटी आणि क्वार्ट्झाइट खडक उघडे आहेत तिथे बेरिलियम चालेल. पण वरची उपनदी बसाल्टवरून येत असेल, तर तेवढ्या भागाची झीज त्या वाळूत दिसणारच नाही.