किल्टची ऑर्डर देताना आधी साल सांगा

नाटकवाले, मालिकावाले आणि इंग्रज-मराठ्यांच्या असईच्या लढाईचा प्रसंग उभा करणारी हौशी मंडळी आमच्या ड्रेपरीच्या दुकानात येतात ती मोबाइलमध्ये एक फोटो घेऊन. फोटोत आजच्या स्कॉटिश पाइप बँडमधला पायपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारा, अंगावर किल्ट (पुरुषांचा निऱ्यांचा, घागऱ्यासारखा पोशाख). “अगदी अशीच ड्रेपरी, बारा जणांची. प्रसंग १८०३चा आहे.” आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

त्या फोटोतलं बरंचसं सामान १८०३ मध्ये नव्हतंच. मोज्यात खोचलेला छोटा सुरा ही पुढची फॅशन. ‘सीफोर्थ हायलँडर्स’ (हायलँडर म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पलटणींचे शिपाई) हे नावही चालत नाही. ७२ आणि ७८ क्रमांकाच्या पलटणी एकत्र करून ती रेजिमेंट १८८१ मध्ये झाली. असईला इंग्रजांकडून लढल्या त्या हायलँडर पलटणी ७४ आणि ७८. ७८च्या लाल कोटाची कॉलर आणि कफ फिकट बदामी, ७४चे पांढरे. ७८चा टार्टन (किल्टचं चौकड्यांचं कापड) मॅकेंझी : गडद निळ्या-हिरव्यावर पांढरी आणि लाल रेघ.

सगळ्यात जास्त मागणी हत्तीच्या बिल्ल्याला. तो हत्ती या पलटणींना मिळाला असईच्या कामगिरीबद्दल, म्हणजे लढाईनंतर. मग लढाईत तो अंगावर कुठून येणार? बिल्ला आमच्याकडे आहे, ओतकामही छान आहे, पण १८०३च्या ऑर्डरीत आम्ही तो घालत नाही. यावरून एकदोन गिऱ्हाइकं रागावून गेली आहेत.

हायलँडर म्हणजे किल्ट, हेही धरून चालू नका. ७४सह काही पलटणींचा किल्ट १८०९ मध्ये सरकारी हुकमानेच गेला. हायलँडमधून पुरेशी भरती होईना आणि इंग्लंडच्या पोरांना तो पोशाख नको होता! म्हणून आम्ही पलटण आणि साल दोन्ही विचारतो. चौकशा फार करतात, असं कुणी म्हटलं तरी चालेल.

आता कापड. नऊवारीच्या निऱ्या पुढे, किल्टच्या मागे. आजचा चांगला किल्ट साधारण ८ वारांचा असतो. त्या काळचा सुमारे ४ वारांचा, रुंद बॉक्स प्लेटचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी दुमडलेल्या सपाट निऱ्यांचा. तेव्हा तो हलका लागला तर आम्ही कापड मारलं असं समजू नका. टेरिकॉटवर छापलेला टार्टन स्वस्त पडतो, पण दिव्यांखाली चमकतो आणि चालताना झुलत नाही. आम्ही लोकरीचंच कापड वापरतो. उकडतं, मान्य आहे.

माप देताना जीन्सची कंबर सांगू नका. किल्ट बेंबीच्या पातळीवर बसतो. लांबी तिथून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत घ्या.

प्लेट हाताने घालतो, त्यामुळे प्रयोगाच्या ६ आठवडे आधी या. एकाच प्रसंगापुरतं हवं असेल तर काही संच भाड्यानेही आहेत. साल अजून ठरलं नसेल तर संहिता घेऊन दुकानात या, चहा आमच्याकडे.