लेसर केलं की चष्मा कायमचा सुटतो?
‘एकदा लेसर करून घेतलं की जन्मभर चष्मा नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं ऑपरेशनच्या आधी कळायला हवं.

लेसिकमध्ये, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवण्याच्या लेसर ऑपरेशनमध्ये, एक्सायमर लेसरने कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या सर्वांत पुढच्या पारदर्शक पडद्याला, नवा आकार देतात. त्यामुळे लांबचं नीट दिसू लागतं. चाळिशी मात्र कॉर्नियामुळे लागत नाही. बाहुलीच्या मागे डोळ्याचं नैसर्गिक भिंग असतं. जवळचं पाहताना ते फुगतं. वयानुसार ते कडक होत जातं आणि चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतो. लेसर या भिंगाला हातही लावत नाही. म्हणून पंचविशीत लेसर केलेल्यालाही पुढे वाचायचा चष्मा लागतोच, आणि त्याचा अर्थ ऑपरेशन फसलं असा नाही.

मायनस नंबरवाल्यांनी तर हे नीट समजून घ्यावं. नंबर मध्यम असेल तर चाळिशीनंतरही ते चष्मा काढून सहज वाचू शकतात. लेसरनंतर ही सोय जाते. काही जण एक डोळा लांबचं आणि दुसरा जवळचं पाहण्यासाठी ठेवतात. पण सगळ्यांना ते मानवत नाही, म्हणून आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून अनुभव घ्यावा.

मोतीबिंदूही लेसरने टळत नाही. उलट मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर काढणं अवघड होतं, म्हणून लेसरआधीचे रिपोर्ट जपून ठेवा.