टॅटू आणि दिसण्यावरून बनणारे समज

टॅटू, पिअर्सिंग, केसांचा रंग नाहीतर कपडे बघून माणसाचा स्वभाव आणि लायकी ठरवून टाकायची सवय. टॅटूवाला म्हणजे गुंड किंवा बेफिकीर, हे सगळ्यांनी ऐकलेलंच असतं. वाद आहे तो हा समज आला कुठून यावर.

कलंक या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘स्टिग्मा’ मूळ ग्रीक; ग्रीक भाषेत ‘स्टिग्मा’ म्हणजे पळून जाणाऱ्या गुलामांच्या, गुन्हेगारांच्या अंगावर केलेली खूण. ती डागणी होती की टॅटू? पूर्वी सर्रास डागणीच समजायचे, समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमननंही १९६३ साली कापलेली किंवा जाळलेली खूण असंच लिहिलं. प्राचीन ग्रीस-रोमचे अभ्यासक सी. पी. जोन्स यांनी १९८७ मध्ये जुने उल्लेख तपासून बहुतेक ठिकाणी सुई-शाईचंच काम आहे असं मांडलं, आणि मूळ क्रियापदाचा अर्थच ‘टोचणं’ असल्यानं हे जास्त पटतं. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइननं इ.स. ३१५-१६ च्या सुमारास शिक्षा झालेल्यांच्या चेहऱ्यावर अशी खूण करायला बंदी घातली, हातांवर-पोटऱ्यांवर मात्र चालेल म्हणाला. थोडक्यात ही खूण दुसऱ्यानं लादलेली, हौसेची नव्हे.

एकोणिसाव्या शतकात इटलीच्या चेझारे लोंब्रोसो या गुन्हेगारीशास्त्रज्ञानं (१८७६) टॅटू म्हणजे जन्मजात गुन्हेगाराचं, रानटीपणाचं लक्षण ठरवलं. फ्रान्सच्या लाकासान्य या डॉक्टरनं १८८१ मध्ये टॅटूंवर वेगळं पुस्तकच लिहिलं आणि त्याचा एकूण भर माणूस कुठल्या वातावरणात राहतो यावर, रक्तावर नाही. लाकासान्यचं म्हणणं आज जास्त टिकून आहे, पण लोकांच्या डोक्यात राहिला लोंब्रोसो! गंमत म्हणजे त्याच १८८१ मध्ये ब्रिटनचा पुढचा राजा पाचवा जॉर्ज जपानमध्ये हातावर ड्रॅगन काढून घेत होता, आणि खुद्द जपानमध्ये १८७२ पासून टॅटूवर बंदी होती, ती उठली १९४८ साली.

दिसण्यावरून बाकीचे गुण गृहीत धरण्याला मानसशास्त्रात ‘हेलो इफेक्ट’ म्हणतात. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण बघितले, तर शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व सगळ्याचे गुण एकमेकांना चिकटलेले निघाले.

बाईच्या अंगावर टॅटू असला की शंका चारित्र्यावरच येते, आणि यातून अभ्यासकही सुटलेले नाहीत. १८९१ मध्ये इजिप्तमध्ये सापडलेल्या आमुनेतच्या ममीवर ठिपक्यांचे टॅटू होते, तेवढ्यावरून तिला राजाची रखेल ठरवणारे निघाले; शवपेटीवरच्या लेखानुसार ती हाथोर देवीची पुजारीण होती.