बेलुगा कुठे पाहावा आणि कसा ऐकावा

गोव्याच्या समुद्रात बेलुगा, म्हणजे पांढरा देवमासा, नाही. सिकेरी, नेरूलचा कोको बीच किंवा पाळोळेहून सुटणाऱ्या होड्यांतून दिसतो तो पाठीवर कुबड असलेला राखाडी डॉल्फिन. तरीही फिकट पाठीचं एखादं जनावर दूरवर दिसलं की ‘पांढरा देवमासा’ पाहिल्याची चर्चा सुरू होते. बेलुगा हा आर्क्टिक आणि त्याच्या आसपासच्या थंड पाण्यातला प्राणी. त्याच्या वजनाचा जवळपास ४० टक्के भाग निव्वळ चरबीचा असतो. आपल्याकडच्या २८-३० अंशांच्या पाण्यात ही चरबी त्याला घातकच ठरेल.

पाहायचा असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडे जावं लागतं. हे महिने गोव्यातल्या माणसाला सोयीचे आहेत. डॉल्फिनच्या फेऱ्या पावसाळ्यामुळे थांबलेल्या असतात, ट्रॉलर ३१ जुलैपर्यंत बंदीत असतात आणि पर्यटनावर पोट असलेल्यांना हीच काय ती उसंत मिळते. नेमक्या त्याच काळात बेलुगा खोल समुद्र सोडून नद्यांच्या मुखांशी, उथळ पाण्यात गर्दी करतात. तिथलं पाणी समुद्रापेक्षा उबदार आणि कमी खारं असतं. त्यात त्यांची जुनी, पिवळट कातडी सुटून नवी लवकर येते. तळाच्या गोट्यांवर अंग घासतानाही ते दिसतात. शिवाय उथळ पाण्यात ओर्का, म्हणजे बेलुगांची शिकार करणारे मोठे डॉल्फिन, सहसा शिरत नाहीत, त्यामुळे पिल्लंही सुरक्षित राहतात.

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातलं चर्चिल. पश्चिम हडसन उपसागरात ५० हजारांहून अधिक बेलुगा आहेत आणि त्यातले हजारो उन्हाळ्यात चर्चिल, सील आणि नेल्सन या नद्यांच्या मुखांशी येतात. जून संपताना बर्फ फुटतो. जुलैचा पहिला आठवडा ते ऑगस्टचा मध्य हा उत्तम काळ. चर्चिलला रस्ता जात नाही. विनिपेगहून विमान घ्यावं, नाहीतर सुमारे १,७०० किलोमीटरचा, दोन रात्रींचा रेल्वेप्रवास करावा. रूळ दलदलीवरून आणि गोठलेल्या जमिनीवरून जातात, म्हणून गाडी हळू चालते आणि उशीरही होतो. २०१७ च्या पुरात हा मार्ग वाहून गेला तो २०१८ च्या शेवटी पुन्हा सुरू झाला. परतीच्या विमानाआधी निदान एक दिवस मोकळा ठेवा. व्हिसाचा अर्ज उन्हाळी सुट्टीत नव्हे, त्याच्या बराच आधी करा. चर्चिलमध्ये उन्हाळ्यातही ध्रुवीय अस्वलं किनाऱ्यावर असतात, त्यामुळे गावाबाहेर खडकांवर एकट्याने भटकायचं नाही. डासांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी हवी आणि होडीवर वाऱ्यापासून वाचवणारं जाकीट हवं, दिवस उबदार असला तरी.

क्वेबेकमधलं तादुसाक रस्त्याने गाठता येतं. तिथे सागने नदी सेंट लॉरेन्सला मिळते आणि बेलुगा वर्षभर त्या परिसरात असतात. पण ते जेमतेम १,८००-१,९०० उरले आहेत. त्यांची शिकार १९७९ मध्ये कायद्याने थांबली. होड्यांना त्यांच्यापासून ४०० मीटर लांब राहावं लागतं, म्हणून इथे होडीचं तिकीट काढण्यापेक्षा किनाऱ्यावर बसलेलं बरं. बे-सांत-मार्गरीत इथे सुमारे तीन किलोमीटर चालत गेलं की निरीक्षणाची जागा येते आणि खालच्या खाडीत माद्या पिल्लांसह येतात. तिसरी जागा अलास्कातली टर्नअगेन आर्म, म्हणजे कुक इनलेट या आखाताचा एक फाटा. अँकरेजहून गाडीने अर्ध्या तासावर बेलुगा पॉइंट आहे. कुक इनलेटचा हा गट तीनशेच्या घरात आहे आणि संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. आपल्या मांडवीत भरती-ओहोटीचा फरक दोनेक मीटर असतो, इथे तो नऊ मीटरपर्यंत जातो. बेलुगा चढत्या भरतीबरोबर सालमन माशांमागे आत येतात, म्हणून भरतीचं वेळापत्रक पाहूनच जावं आणि उघड्या पडलेल्या चिखलावर पाय ठेवू नये. त्या चिखलात माणूस रुततो आणि पाणी झपाट्याने परत येतं.

आता तो ओळखायचा कसा? डॉल्फिन पाहायची सवय असलेला माणूस पाण्यावर त्रिकोणी पर शोधतो. बेलुगाच्या पाठीवर पर नसतोच. बर्फाच्या छताखाली पोहणाऱ्याला तो अडथळा ठरला असता आणि त्यातून उष्णताही गेली असती. त्याऐवजी पाठीवर एक कडक, बुटका उंचवटा असतो आणि त्याने तो पातळ बर्फ फोडूही शकतो. म्हणून पांढरी, गुळगुळीत पाठ शोधायची. ती सावकाश वर येते, दोन-तीन सेकंद दिसते, न उसळता खाली जाते आणि थोडं पुढे पुन्हा वर येते. लाटेचा फेस जागच्या जागी विरतो, त्याच रेषेत पुढे पुन्हा उगवत नाही. वारा ताशी १५ किलोमीटरच्या पुढे गेला की सगळीकडे फेस दिसू लागतो आणि मग शोधण्यात अर्थ उरत नाही. सूर्य पाठीशी ठेवा. होडीवर ७ किंवा ८ पटीची दुर्बीण पुरते, १० पटीची हातात थरथरते. पिल्लं राखाडी असतात आणि पूर्ण पांढरी व्हायला सात-आठ वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. म्हणून पांढऱ्या पाठीच्या अगदी लगत जे काळपट हलतं ते आधी पाहा. फोटो काढताना शटर १/१००० किंवा अधिक वेगवान ठेवा आणि एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा. काळ्या पाण्यामुळे कॅमेरा फसतो आणि पांढरी पाठ तपशीलाविना जळून जाते.

एवढं सगळं करूनही दिसते ती पाठच. बेलुगा खरा कळतो तो आवाजातून, आणि यासाठी होडीवर हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात सोडायचा मायक्रोफोन, आहे का हे आरक्षण करतानाच विचारावं.

तोंडाने तो क्लिक करत नाही. डोक्यावरच्या श्वासछिद्राच्या खाली, नाकाच्या मार्गात, ओठांसारख्या दोन जोड्या असतात. त्यांतून दाबाखालची हवा सोडली की जोडीतले ओठ एकमेकांवर आपटतात आणि क्लिक तयार होतो. ही हवा बाहेर जात नाही, वरच्या पिशव्यांत साठून परत वापरली जाते. म्हणून त्याला पाण्याखाली एकाच श्वासावर शेकडो क्लिक करता येतात. मागच्या बाजूला कवटी आणि हवेच्या पिशव्या आरशाचं काम करतात आणि ध्वनी पुढे ढकलतात. पुढे कपाळावर चरबीचा मोठा गोळा असतो. त्याला मेलॉन म्हणतात. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, मेलॉनच्या गाभ्यात सुमारे १,३००, आणि बाहेरच्या थरांकडे हा वेग वाढत जातो. वेग बदलला की लहर वाकते, हे शाळेत प्रकाशाच्या अपवर्तनात शिकलेलं आहेच. गाभा मंद आणि कडा वेगवान असल्याने कडेच्या लहरी आतल्या बाजूला वळतात आणि पसरट ध्वनीचा अरुंद झोत होतो. बेलुगाचा झोत जेमतेम साडेसहा अंशांचा मोजला गेला आहे. ही चरबी वेगळ्याच प्रकारची असते. प्राणी उपासमारीत सापडला तरी शरीर ती इंधन म्हणून जाळत नाही.

इतर दातवाल्या देवमाशांपेक्षा बेलुगाचं मेलॉन जास्त लवचीक असतं. ते स्नायूंनी सपाट करता येतं, पुढे ढकलता येतं, हलवता येतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचे पाच आकार वेगळे नोंदवले आहेत, आणि ते बहुतेक वेळा दुसरा बेलुगा समोर असतानाच दिसले. जवळून पाहायला मिळाला तर हा कपाळाचा गोळा पाहा. ओठांची वळणं कायमची असतात, त्यावरून ‘तो हसला’ असं मानू नका.

परत येणारा प्रतिध्वनी खालच्या जबड्यातल्या चरबीतून आतल्या कानापर्यंत पोचतो. हिशोब सोपा आहे. प्रतिध्वनी ०.१ सेकंदाने आला तर ध्वनीने १५० मीटर कापले, म्हणजे मासा ७५ मीटरवर आहे. क्लिकची वारंवारता १०० किलोहर्ट्झ असेल तर तरंगलांबी १.५ सेंटिमीटर येते. साधारण तेवढा बारकावा टिपता येतो. १० किलोहर्ट्झला हीच १५ सेंटिमीटर होते आणि लहान मासे निसटतात. दूरच्या लक्ष्यासाठी बहुतेक डॉल्फिन प्रतिध्वनी येईपर्यंत थांबून पुढचा क्लिक करतात. बेलुगा मात्र न थांबता क्लिकचे गठ्ठे सोडतो, आणि गठ्ठ्यामागून आलेले प्रतिध्वनी वेगळे ओळखतो.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. एकाच बेलुगाचे क्लिक आधी सॅन दिएगोच्या खाडीत मोजले, मग त्याला हवाईतल्या कानिओहे खाडीत नेलं. आधी त्याच्या क्लिकचा जोर ४० ते ६० किलोहर्ट्झला होता. हवाईत तो १०० ते १२० वर गेला आणि क्लिक १८ डेसिबलपर्यंत मोठे झाले, म्हणजे दाबाच्या मापात आठपट. कारण होतं पाण्यातला गोंगाट. तिथे टिचकी कोळंबीचे थवे राहतात. हिची एक नांगी मोठी असते, ती झटक्यात मिटली की पाण्याचा वेगवान फवारा सुटतो, मागे बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना आवाज होतो. हजारोंचे आवाज एकत्र ऐकले तर तापलेल्या तेलात मोहरी तडतडावी तसं वाटतं. गोव्यातल्या ग्रँड आयलंडच्या खडकांपाशी डोकं पाण्यात घातलं तर तुम्हालाही हेच ऐकू येईल. गोंगाट वाढला की बेलुगा आवाज चढवतो, पण त्याची एक मर्यादा आहे. कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये बर्फफोड्या जहाजाच्या आवाजाने बेलुगा ३५ किलोमीटरहून लांब असतानाही पळाल्याच्या नोंदी आहेत.

म्हणून होडीचं इंजिन बंद करायला सांगा. हायड्रोफोन तीन ते पाच मीटर खाली सोडा, दोरी होडीच्या कडेला आपटू देऊ नका आणि पायांचे धक्के टाळा. शिट्ट्या, किलबिल, दार करकरावं तसे आवाज ऐकू येतील. ते सगळे माणसाच्या कानाच्या टप्प्यातले आहेत. ४० ते १२० किलोहर्ट्झचे क्लिक मात्र तुम्हाला ऐकू येणार नाहीत. नोंदवायचे असतील तर सेकंदाला निदान २,५०,००० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं, घेणारा रेकॉर्डर लागतो, कारण नमुन्यांच्या निम्म्या आकड्यापर्यंतचीच वारंवारता नोंदली जाते.

‘देवमाशांच्या ध्वनीने उपचार’ असं सांगून गोव्यात आणि बाहेरही जी सत्रं विकली जातात, त्यांच्याबद्दल यावरूनच स्पष्ट बोलायला हवं. नेहमीच्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि त्यात २२ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही. ज्या क्लिकच्या ‘कंपनां’ची महती गायली जाते, तो त्या फाइलमध्ये नसतोच. आणि असता तरी त्याने आजार बरा होतो याला पुरावा नाही. मन शांत व्हावं म्हणून कुणी ऐकलं तर हरकत नाही, पण औषध म्हणून पैसे घेणं ही फसवणूक आहे.

जाण्याआधीचा सराव गोव्यातच होतो. पर नसलेला आणि गोल डोक्याचा लहान पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनचा एक नातलग, आपल्या किनाऱ्यावर आहे. तो काळसर असतो, दीडेक मीटरचा, होड्यांपासून दूर राहतो आणि उसळत नाही. ऑक्टोबरनंतर वारा उठायच्या आत, सकाळी आठपूर्वी, दोनापावला किंवा आग्वादच्या उंचावरून पाहा. एकाच पट्ट्यावर दुर्बीण पंधरा मिनिटं स्थिर धरा. पाठ वर आली की पुढची कुठे येईल ते आधी ठरवा आणि तिथेच बघत राहा. पाठीवरच्या परावर विसंबायची सवय सुटल्याशिवाय चर्चिलचं तिकीट काढू नका.