घड्याळाला लोंबकळणारा तो माणूस बस्टर कीटन नव्हे

उंच इमारतीवरचं भलंमोठं घड्याळ, त्याच्या काट्याला लोंबकळणारा चष्मेवाला तरुण आणि खाली मुंग्यांएवढ्या दिसणाऱ्या मोटारी. मूकपटांचा विषय निघाला की हे चित्र हमखास समोर येतं. कॅफेच्या भिंतीवर, पोस्टरवर, प्रश्नमंजूषेत सगळीकडे ते असतं आणि त्याखाली बऱ्याचदा नाव लिहिलेलं असतं मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन याचं. तो कीटन नाही. तो त्याच काळातला दुसरा विनोदवीर हॅरॉल्ड लॉइड आहे आणि चित्रपट आहे १९२३ चा 'सेफ्टी लास्ट'.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोघंही अमेरिकेच्या मधल्या भागातले, लॉइड १८९३ मध्ये नेब्रास्कात जन्मलेला, तर कीटन १८९५ मध्ये कॅन्ससमध्ये. दोघांचाही बहराचा काळ १९२० चं दशक. दोघांच्याही डोक्यावर चपटी हॅट आणि दोघंही जिवावर बेतणाऱ्या करामतींसाठी प्रसिद्ध. चष्मा दिसला तर लॉइड, चेहऱ्यावरची रेषही हलत नसेल तर कीटन, एवढी खूण ओळखायला पुरते. पण ती लक्षात ठेवून थांबलात तर खरी गंमत हातची जाईल, कारण या दोघांचा धोक्याशी असलेला संबंधच वेगळा आहे.

लॉइड आपल्याला घाबरवतो. 'सेफ्टी लास्ट'मध्ये तो गावाकडून शहरात आलेला, कापडाच्या काउंटरवर राबणारा विक्रेता आहे. दुकानाची जाहिरात व्हावी म्हणून एका मित्राला इमारतीवर चढवायचं, असा बेत तो आखतो. ऐनवेळी त्या मित्राच्या मागे पोलिस लागतो आणि चढायची वेळ याच्यावरच येते. 'एकच मजला चढ, पुढे मी येतो,' असं मित्र प्रत्येक खिडकीतून सांगत राहतो. वर अंगावर कबुतरं येतात, जाळ्यात हात अडकतात, विजारीत उंदीर शिरतो. घड्याळाला हात लागतो तोवर आपण त्याच्यासोबत बरेच मजले चढलेले असतो आणि काटा खाली घसरतो तेव्हा काळजात धस्स होतं. तो स्वतःही भेदरलेला असतो आणि ते लपवत नाही.

हे चित्रण कसं झालं, तेही पाहण्यासारखं आहे. लॉस एंजेलिसमधल्या खऱ्या इमारतींच्या गच्च्यांवर भिंतीचा खोटा भाग उभारला होता. कॅमेरा अशा कोनात ठेवला की खालचा खरा रस्ता दिसावा, पण गच्ची दिसू नये. लॉइडच्या खाली गाद्या अंथरलेला मचाण होता. लांबून दिसणाऱ्या काही दृश्यांत बदली माणूस चढला. त्यामुळे काही जण लॉइडला कमी लेखतात. मला ते अजिबात पटत नाही. ऑगस्ट १९१९ मध्ये छायाचित्रासाठी हातात घेतलेला खोटा समजलेला बॉम्ब खरोखर फुटला आणि त्यात लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. पुढे तो खास बनवलेला हातमोजा घालून काम करायचा. घड्याळाच्या काट्याला पकडलेल्या त्या दोन हातांपैकी एका हाताला ही दोन बोटंच नव्हती, हे ठाऊक झाल्यावर ते दृश्य पुन्हा पाहा.

कीटनच्या बाबतीत भीती वाटते ती फक्त आपल्याला. त्याला नाही. आईवडिलांच्या रंगमंचावरच्या खेळात तो अगदी लहानपणापासून होता. बाप त्याला रंगमंचावर इकडून तिकडे फेकायचा आणि पोरगं हसलं नाही की प्रेक्षक जास्त हसतात, हे त्याला तिथेच उमगलं. १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते. माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून जाते, म्हणून तो वाचतो. भिंत खरी जड होती, खिडकीत त्याच्याभोवती मोकळी जागा होती ती काही इंचांची आणि तो उभा कुठे राहणार हे आधी मोजून ठरवलेलं होतं. त्याचा पाय थोडा इकडेतिकडे झाला असता तर संपलंच होतं. हे सगळं एकाच सलग दृश्यात घडतं, कॅमेरा लांब ठेवलेला, माणूस पूर्ण दिसतो आणि भिंतही पूर्ण दिसते. लॉइड प्रसंग मजल्यामजल्याने चढवत नेतो. कीटन मात्र एका क्षणाचं गणित मांडतो आणि ते बरोबर आलं की पुढे चालू लागतो. 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४) करताना पाण्याच्या लोंढ्याने रुळावर आपटून त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं. ते त्याला बऱ्याच वर्षांनी डॉक्टरांकडून कळलं.

जॅकी चॅनमुळे या घोळात भरच पडली असावी. 'प्रोजेक्ट ए' (१९८३) मध्ये तो लॉइडसारखा घड्याळाला लोंबकळतो आणि त्याच्या दुसऱ्या भागात कीटनसारखी भिंत त्याच्यावर कोसळते. दोघांना केलेला सलाम एकाच माणसाच्या अंगावर दिसतो.

पण लॉइडचं नाव पुसट का झालं? १९२० च्या दशकात तिकीटबारीवर तो कीटनच्या कितीतरी पुढे होता. कीटनने 'द जनरल' या चित्रपटासाठी ओरेगॉनमध्ये खरं रेल्वे इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडलं, अफाट पैसा ओतला आणि १९२६-२७ च्या प्रेक्षकांनी पाठ फिरवली. १९२८ मध्ये तो एमजीएम या बड्या स्टुडिओच्या नोकरीत गेला. चॅप्लिन आणि लॉइड या दोघांनीही त्याला जाऊ नकोस असं बजावलं होतं. ही आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, असं पुढे त्याने स्वतःच म्हटलं. मग दारू, घटस्फोट आणि १९३३ मध्ये स्टुडिओने दाखवलेला घरचा रस्ता.

लॉइड व्यवहाराला पक्का होता. स्वतःच्या चित्रपटांची मालकी त्याने स्वतःकडे ठेवली आणि बेव्हर्ली हिल्समध्ये ग्रीनएकर्स नावाचं चव्वेचाळीस खोल्यांचं घर बांधलं. टीव्हीवाले आले तेव्हा पडत्या दरात, जाहिरातींनी तुकडे पाडलेले आपले चित्रपट दाखवू द्यायला तो तयार झाला नाही. स्वाभिमान म्हणून हे मला फार आवडतं, पण त्याची किंमत त्याने मोजली. एक अख्खी पिढी त्याचं काम न बघता मोठी झाली. कीटनच्या हाती काहीच उरलं नव्हतं, तरी त्याच्या चित्रपटांच्या प्रती फिरत राहिल्या. काही तर त्याच्या जुन्या घरात नंतर राहायला आलेल्या जेम्स मेसन या नटाला सापडल्या. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि १९६५ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, व्हेनिसच्या महोत्सवात सारं सभागृह त्याच्यासाठी उभं राहिलं. लॉइडचं मात्र एक चित्र तेवढं लोकांच्या मनात राहिलं. चॅप्लिन सोडून मूकपटातला विनोदवीर आठवायचा म्हटलं की ओठांवर येतं कीटनचं नाव, आणि मग तेच त्या घड्याळाला चिकटतं, असं मला वाटतं.

'सेफ्टी लास्ट' अमेरिकेत २०१९ मध्ये प्रताधिकारातून मुक्त झाला आणि 'शेरलॉक ज्युनियर' २०२० मध्ये. पहिला बघताना नुसता घड्याळाचा तुकडा शोधू नका, पहिल्या दृश्यापासून बसा. दुसरा जेमतेम पाऊण तासाचा आहे. दोन्ही एकाच संध्याकाळी बघून होतात.