स्प्रेडशीटमधील बहुलक मजकूर

स्प्रेडशीटच्या एखाद्या रकान्यात सर्वाधिक वेळा आलेली मजकुराची नोंद म्हणजे त्या रकान्याचा बहुलक. बहुलकासाठी ‘मोड’ ही इंग्रजी संज्ञा कार्ल पिअर्सन यांनी १८९५ मध्ये वापरात आणली. पिकांची नावे, गावे, तक्रारींचे प्रकार यांची बेरीज होत नाही आणि त्यांना लहानमोठेपणाचा क्रमही नसतो. त्यामुळे त्यांचा मध्य निघत नाही, मध्यकही निघत नाही. सरासरीच्या जातीतले बहुलक हे एकच माप अशा माहितीला लागू पडते.

तरीही एक्सेलमधले ‘मोड’ हे फंक्शन फक्त आकडे पाहते, मजकूर वगळते. म्हणून मजकुराचे आधी आकड्यांत रूपांतर करावे लागते आणि त्यासाठी ‘इंडेक्स’, ‘मोड’ व ‘मॅच’ ही तीन फंक्शने एकात एक गुंफतात. समजा, सात सेलमध्ये ओळीने सोयाबीन, कापूस, सोयाबीन, तूर, कापूस, सोयाबीन, हरभरा अशी नावे आहेत. ‘मॅच’ला हाच रकाना याच रकान्यात शोधायला सांगितला, की प्रत्येक नाव पहिल्यांदा कितव्या जागी आले ते मिळते: १, २, १, ४, २, १, ७. यात १ हा आकडा तीनदा आला, तो ‘मोड’ने उचलला, पहिल्या जागी काय आहे ते ‘इंडेक्स’ने सांगितले, सोयाबीन. मदतीचा वेगळा रकाना न घेता उत्तर एका सेलमध्ये मिळते, हे या रचनेचे खरे सौंदर्य. एक्सेल २०१९ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत हा फॉर्म्युला कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबून भरावा लागतो. मध्ये रिकामे सेल असतील तर ‘मॅच’ तिथे त्रुटी देते आणि ती थेट उत्तरापर्यंत पोहोचते. त्यासाठी ‘इफ’ लावून रिकाम्या जागा आधीच गाळाव्यात. एकही नाव पुन्हा आलेले नसेल तर उत्तराऐवजी त्रुटीच दिसते, आणि ते योग्यच आहे.

दोन नावे सारख्याच वेळा आली असतील तर हा फॉर्म्युला रकान्यात आधी दिसलेले नाव देतो आणि दुसऱ्याचा उल्लेखही करत नाही. अहवालात असे एकच नाव छापणे चुकीचे ठरते. एक्सेल २०१० पासून असलेले ‘मोड.मल्ट’ सर्व बरोबरीच्या जागा देते.

एकदाच उत्तर हवे असेल तर पिव्होट टेबल, म्हणजे नोंदी गटवार मोजून देणारा तक्ता, सर्वांत सोपे. तोच रकाना ओळींत आणि मूल्यांत ओढायचा, संख्या उतरत्या क्रमाने लावायच्या. बरोबरी असेल तर तीही लगेच दिसते. गूगल शीट्समध्ये हेच काम ‘क्वेरी’ करते. प्रत्येक ओळीसमोर, ती नोंद रकान्यात किती वेळा आली हे मोजणारे ‘काउंटइफ’ लिहिण्याची सवय अनेकांना असते, पण १०,००० ओळींसाठी त्यात सुमारे १० कोटी तुलना होतात. शिवाय ‘काउंटइफ’ अंकांनी बनलेल्या मजकुराला संख्या समजते आणि पहिल्या १५ अंकांपुढचे पाहत नाही. मजकूर म्हणून साठवलेले १६ अंकी क्रमांक केवळ शेवटच्या अंकात वेगळे असले, तरी ते एकच म्हणून मोजले जातात.

मोजणीपेक्षा अवघड भाग म्हणजे कोणत्या नोंदी ‘एकच’ धरायच्या. शेवटी एक मोकळी जागा पडलेले ‘पुणे’ हे संगणकाच्या लेखी दुसरे गाव आहे. ‘ट्रिम’ साधी मोकळी जागा काढते, पण संकेतस्थळांवरून चिकटवलेल्या मजकुरात येणारी १६० क्रमांकाची न तुटणारी जागा तिच्या तावडीत सापडत नाही. ती ‘सब्स्टिट्यूट’ने बदलावी लागते.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. कराड आणि कऱ्हाड ही एकाच शहराची दोन रूपे झाली; ती माणसानेच एक करायची. पण ‘कऱ्हाड’ हा शब्दही दोन प्रकारे टंकला जातो. काही कळफलक साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरतात, तर काही नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत त्या वेगळ्या मालिका आहेत आणि समान रूपे एकसारखी करणाऱ्या युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही त्या एक होत नाहीत. वऱ्हाड, बिऱ्हाड, दऱ्या असे शब्द असलेल्या रकान्यात मोजणीपूर्वी एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावे.

युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फायलींत अडचण उलटी होते. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये देवनागरीच्या मागे रोमन अक्षरेच असतात, आणि पूर्ण ‘क’ व अर्धा ‘क्’ हे एकाच रोमन अक्षराच्या लहान व मोठ्या रूपांवर बसवलेले आहेत. ‘मॅच’ आणि ‘काउंटइफ’ दोन्ही लहान-मोठ्या रोमन अक्षरांत भेद करत नाहीत. त्यामुळे वेगळे लिहिलेले शब्दही एकत्र मोजले जाऊ शकतात. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये आणावी, मगच मोजावी.